गस्तीच्या कामाची पारख

पोलीस ठाण्याच्या दप्तरात वर्षाकाठी जे असंख्य कागद जमा होतात, त्यांमध्ये हाताखालच्या अंमलदाराच्या कामाविषयी वरिष्ठाने लिहिलेला वार्षिक अभिप्राय हा बहुधा सर्वांत घाईने लिहिला जाणारा आणि तरीही सर्वांत दीर्घकाळ परिणाम करणारा कागद असतो. तपासी अधिकाऱ्याचे काम निदान कागदावर उतरते. गुन्हा दाखल झाला, आरोपी मिळाला, मुद्देमाल हस्तगत झाला, दोषारोपपत्र मुदतीत न्यायालयात गेले, अशी त्याच्या श्रमाची एक दृश्य मालिका कोणालाही दाखवता येते. परंतु ज्याचे सारे काम रस्त्यावर, बहुतांशी अंधारात आणि वरिष्ठाच्या दृष्टीआड चालते, आणि रात्र काही न घडता सरली एवढीच ज्याच्या यशाची खूण असते, त्या गस्तीवरील शिपायाच्या वा हवालदाराच्या कामाचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, हा विचार फारसा कोणी करीत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने नव्याने बीट अधिकारी झालेल्या उपनिरीक्षकांसाठी आहे. पण मोहल्ला समितीत बसणाऱ्या आणि गृहनिर्माण संस्थांचा कारभार पाहणाऱ्या नागरिकांनाही ते उपयोगी पडावे, कारण आपल्या गल्लीत येणारा बीट मार्शल कसा आहे याविषयी तेही मत बनवीत असतात, आणि ते मत अनेकदा वरिष्ठांच्या कानी जात असते.

उदाहरणासाठी जुहूचे कार्यक्षेत्र घेऊ. मुंबई पोलिसांच्या परिमंडळ नऊमधील ही हद्द क्षेत्रफळाने फार विस्तीर्ण नाही, पण तिच्यात परस्परांशी काही साम्य नसलेल्या इतक्या वस्त्या एकत्र आल्या आहेत, की एका बीटावर उत्तम ठरलेला अंमलदार शेजारच्या बीटावर निरुपयोगी ठरावा. चौपाटीवर रविवारी सायंकाळी माणसांचा महापूर लोटतो, तारा रोडवर हॉटेलांची आणि मद्यगृहांची वर्दळ मध्यरात्रीनंतरही ओसरत नाही, जे. व्ही. पी. डी. योजनेच्या गल्ल्यांत झाडांच्या सावलीत बंगले आणि जुन्या सोसायट्या उभ्या आहेत, ज्यांत मुले परदेशी गेलेली वृद्ध दांपत्ये एकटी राहतात. नेहरूनगरच्या दाट वस्तीत दोन घरांमधल्या वाटेने मोटारसायकल जात नाही. जुहू कोळीवाडा आणि मोरागाव यांचे जीवन भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालते. आणि इस्कॉनचे मंदिर, पृथ्वी थिएटर, १९२८ साली सुरू झालेला जुना विमानतळ ही प्रत्येकी आपापली गर्दी आणि आपापला बंदोबस्त घेऊन बसली आहेत. म्हणून पहिली गोष्ट अशी, की मूल्यमापन व्यक्तीचे करावयाचे असले तरी त्याआधी बीटाचे करावे. या बीटावर कोणत्या प्रहरी, कोणत्या जागी, कोणत्या प्रकारचा उपद्रव संभवतो, याची एक टिपणी बीट अधिकाऱ्याने वर्षारंभीच स्वतःच्या हाताने लिहून ती त्या बीटावरील अंमलदारांना वाचून दाखवावी. वर्षअखेरीस विचारावयाचे प्रश्न त्या टिपणीतून निघाले पाहिजेत. ज्याच्याकडून काय अपेक्षित आहे हे त्याला कधी सांगितलेच नाही, त्याला त्या अपेक्षेच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

आता ज्या मापाची सवय आपल्या सर्वांच्या हाडीमासी खिळली आहे त्याकडे वळू, म्हणजे आकड्याकडे. महिन्यात किती नाकाबंद्या, किती वाहने तपासली, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली रात्री संशयास्पद स्थितीत मिळून आलेले किती इसम, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली व आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली किती प्रतिबंधक कारवाया, असे तक्ते दर महिन्याला वर जातात आणि त्या तक्त्यांतील मोठी संख्या म्हणजे मोठे काम असा समज हळूहळू रूढ होतो. वरिष्ठाने आकडा मागितला की त्याला आकडा मिळतोच. महिनाअखेरीस कारवाया वाढतात, तोच तो गर्दुल्ला पुलाखालून पुनःपुन्हा उचलून आणला जातो, आणि ज्या गल्लीत खरोखर सोनसाखळ्या खेचल्या जातात तिथे सकाळी सहा वाजता उभे राहण्याऐवजी, ज्या नाक्यावर वाहने सहज अडवता येतात तिथेच बॅरिकेड लागतात. याहून घातक प्रकार म्हणजे हद्दीतील गुन्हे कमी दिसावेत म्हणून दखलपात्र तक्रारीची अदखलपात्र नोंद करून फिर्यादीला परत पाठविणे. ज्या ठाण्यात गुन्ह्यांच्या कमी संख्येवर शाबासकी मिळते तिथे हा मोह कोणाही अंमलदाराला होणारच, आणि त्याचा दोष त्या अंमलदाराइतकाच त्या शाबासकीलाही आहे.

याचा अर्थ आकडे फेकून द्यावेत असा नाही. प्रत्येक आकड्याची उलटतपासणी करावी. कलम १२२ च्या दहा कारवाया दिसल्या तर त्या कोणत्या जागी आणि किती वाजता झाल्या, त्या इसमाला थांबविण्याचे कारण अंमलदाराला सांगता येते काय, आणि पुढे न्यायालयात त्या प्रकरणाचे काय झाले, एवढे विचारले तरी खऱ्या कारवाया आणि तक्ता भरण्यासाठी केलेल्या कारवाया आपोआप वेगळ्या पडतात. पहाटे तीन वाजता बंद बंगल्याच्या मागील भिंतीपाशी पोत्यात कटावणी घेऊन उभ्या असलेल्या एका इसमाला हटकणारा शिपाई आणि बस थांब्यावर झोपलेल्या पाच मजुरांना उठवून आणणारा शिपाई यांची तक्त्यातील संख्या अनुक्रमे एक आणि पाच अशी येते. ती तशीच वर जाऊ देणारा अधिकारी आपल्या लेखणीचा धर्म विसरला असे म्हणावे लागेल.

किती किलोमीटर गस्त घातली हेही माप असेच फसवे आहे, आणि याबाबत परदेशांत झालेले प्रयोग आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर ध्यानी घ्यावेत. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२ ते १९७३ या काळात पंधरा बीटांचे तीन गट करून, पाचांवर गस्त पूर्वीइतकीच ठेवली, पाचांवर ती दुपटी-तिपटीने वाढविली आणि उरलेल्या पाचांवर केवळ हाक आली तरच गाडी जाईल अशी व्यवस्था केली. वर्षभराच्या निरीक्षणानंतर गुन्ह्यांच्या प्रमाणात किंवा रहिवाशांच्या भीतीत तिन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. उलट न्यूअर्क शहरात पुढे काही वर्षांनी पायी गस्तीचा प्रयोग झाला तेव्हा गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांच्या मनातील भय मात्र स्पष्टपणे कमी झाले. आणि मिनिॲपोलिसच्या अभ्यासातून असे दिसले, की उपद्रवाच्या नेमक्या जागी पोलीस दहा ते पंधरा मिनिटे थांबून गेला तर त्याच्या जाण्यानंतरही काही काळ ती जागा शांत राहते. इथे ध्यानात घ्यावयाचे ते असे, की जुहूच्या साऱ्या रस्त्यांवरून मोटारसायकल न थांबता फिरवून आणणारा बीट मार्शल दिसतो उद्योगी, पण तारा रोडच्या एका कोपऱ्यावर मद्यगृहे बंद होण्याच्या वेळी पाव तास पायउतार होऊन उभा राहणारा, रिक्षावाल्यांशी दोन शब्द बोलणारा आणि मग पुढे जाणारा त्याचा सहकारी कदाचित अधिक काम करीत असतो. अनेक शहरांत आता गस्तीच्या ठिकाणी क्यूआर कोड लावून अंमलदाराच्या भेटीची वेळ नोंदविली जाते. पूर्वीच्या भेटपुस्तिकेत चौकीत बसून सह्या होत असत, त्या मानाने ही सुधारणा निःसंशय आहे; परंतु त्या नोंदीतून अंमलदार तिथे पोहोचला इतकेच कळते, तिथे पोहोचून त्याने काय पाहिले ते कळत नाही, आणि नेमके तेच आपल्याला जाणून घ्यावयाचे आहे.

मग माप कोणते? माझ्या मते ते कायद्यातच लिहिलेले आहे आणि आश्चर्य याचे वाटते की ते फार थोड्यांच्या स्मरणात असते. मुळात मुंबई पोलीस अधिनियम म्हणून १९५१ साली संमत झालेल्या आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचे कलम ६४ पोलिसाला गुन्ह्याची खबर मिळविण्याचे, गुन्हा व सार्वजनिक उपद्रव रोखण्याचे कर्तव्य सांगते. आणि त्याच्या थोडे पुढे येणारे कलम ६६ लोकांशी कसे वागावे ते सांगते. रस्त्यावरील अपंग व निराधार माणसाला शक्य ते सर्व साह्य देणे, ताब्यातील जखमी वा आजारी इसमाला त्वरित उपचार मिळवून देणे, झडती घेताना अकारण उद्धटपणा व त्रास टाळणे, स्त्रिया व मुले यांच्याशी शालीनतेने व सौम्यपणे वागणे, आग, अपघात व जनतेवर ओढवणारा धोका टाळण्यासाठी पराकाष्ठा करणे, अशी ही कर्तव्ये आहेत. बीट अधिकाऱ्याने या दोन कलमांतील एकेक कर्तव्य एका कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला लिहावे आणि त्यापुढे त्या अंमलदाराविषयी वर्षभरात स्वतः पाहिलेला निदान एक प्रसंग तारखेनिशी लिहावा. जिथे लिहिण्यासारखा प्रसंग सापडत नाही, तिथे जागा कोरी सोडावी आणि पुढील दोन महिन्यांत ती भरण्याजोगे निरीक्षण करावे. असा कागद तयार झाला की अहवालातील मुद्रित रकाने भरणे हे काम अर्ध्या तासाचे होते, आणि ते सत्याला धरून होते.

पाहणे म्हणजे काय, हे एका प्रसंगाने स्पष्ट करतो. रविवारी सायंकाळी चौपाटीवर मूल हरवणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. पाचएक वर्षांचा मुलगा भेळेच्या गाड्यांपाशी रडत उभा आहे आणि भोवती वीसेक माणसांचे कोंडाळे झाले आहे, असे समजा. एक अंमलदार येतो, मुलाचा दंड धरतो आणि त्याला थेट चौकीत नेऊन बसवितो. दुसरा आधी कोंडाळे मोडतो, वाळूत गुडघा टेकून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि विचारतो, ‘‘बाळा, तुझ्या आईला घरी सगळे काय म्हणून हाक मारतात?’’ कारण त्याला अनुभवाने ठाऊक असते की त्या वयाच्या मुलाला आईचे नाव विचारले तर ते ‘आई’ एवढेच सांगते. मग तो मुलाचा वेष, वय आणि मिळालेली जागा वायरलेसवर कळवितो, जोडीदाराला त्याच जागी उभे ठेवतो कारण घाबरलेली आई प्रथम तिथेच परत येणार असते, भोंग्यावरून पुकारा करवितो, आणि कोणी आपणच बाप म्हणून पुढे आला तरी मूल त्याच्याकडे कसे झेपावते ते पाहिल्याशिवाय व ओळख पटल्याशिवाय ताबा देत नाही. स्टेशन डायरीत दोघांचीही नोंद एकाच ओळीची असेल: ‘मिळून आलेले बालक पालकांच्या ताब्यात दिले.’ त्या एका ओळीमागील अंतर ज्याने प्रत्यक्ष पाहिले तोच या दोन अंमलदारांविषयी न्याय्य मत देऊ शकेल, आणि म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की पाहिल्यावाचून लिहू नये.

हाकेला ओ देण्याच्या बाबतीत हेच तत्त्व लागू पडते. १०० किंवा ११२ वर आलेली हाक आणि पोलीस घटनास्थळी पोहोचल्याची वेळ यांतील अंतर आता यंत्रे नोंदवितात, आणि हे माप उपयुक्त आहे यात शंका नाही. १० सप्टेंबर २०२१ च्या पहाटे साकीनाका येथे एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला, तेव्हा एका पहारेकऱ्याने नियंत्रण कक्षाला कळविल्यानंतर दहा मिनिटांच्या आत पोलीस तिथे पोहोचले आणि क्षणाचाही विलंब नको म्हणून ज्या टेंपोत ती पडली होती तोच टेंपो पोलिसाने स्वतः चालवीत राजावाडी रुग्णालयात नेला. ती वाचली नाही. त्या अंमलदारांनी पोहोचल्यावर जे केले त्याला कोणत्याही अहवालात उत्कृष्ट हाच शेरा मिळाला पाहिजे. आणि तरीही तो भाग रात्री तसा निर्जन व अंधारा का राहिला, रस्त्याकडेला टेंपो उभा राहतो हे कोणाच्या नजरेत का आले नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्या घटनेनंतर आयुक्तांनी काढलेल्या आदेशांत अंधाऱ्या व निर्जन जागांची यादी करणे, तिथे दिवे लावण्यासाठी महानगरपालिकेकडे पाठपुरावा करणे, बेवारस उभी वाहने हटविणे यांचा समावेश होता, म्हणजे गस्तीच्या मूल्यमापनाचा विषय हाक येण्याच्या आधीच्या काळापर्यंत मागे नेला गेला. जुहूच्या बीट अधिकाऱ्याने हाच धागा उचलावा: बंद पडलेल्या दिव्यांविषयी, पडक्या बांधकामांविषयी, किनाऱ्याच्या अंधाऱ्या टोकाविषयी या अंमलदाराने वर्षभरात किती अर्ज लिहिले आणि त्यांचा किती पाठपुरावा केला, हे आवर्जून पाहावे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळामुळे समुद्र खवळलेला असताना जुहू कोळीवाड्याकडील जेटीवरून पाण्यात गेलेली चार मुले बुडाली, हे ज्यांना आठवते त्यांना पावसाळ्यात किनाऱ्यावर शिटी घेऊन उभ्या राहणाऱ्या आणि पोरांच्या शिव्या खाऊनही त्यांना मागे हटविणाऱ्या शिपायाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच्या नावावर मात्र त्या दिवशी एकही कारवाई नोंदलेली नसते.

पोहोचल्यावर हद्दीचा वाद घालणे हा एक जुना दोष आहे. जखमी माणूस सांताक्रूझच्या हद्दीत पडला की जुहूच्या, याचा निर्णय त्याला कूपर रुग्णालयात पोहोचविल्यानंतरही होऊ शकतो, आणि आता नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदविता येत असल्यामुळे फिर्यादीला दारोदार फिरविण्याचे काही कारण उरलेले नाही. असा वाद घालणाऱ्याच्या अहवालात तो प्रसंग स्पष्ट शब्दांत यावा.

अंमलदाराला आपल्या बीटाची माहिती किती आहे, हे त्याच्याबरोबर चालता चालता सहज कळते. कोणत्या सोसायट्यांमध्ये एकटे ज्येष्ठ नागरिक राहतात आणि त्यांच्या घरी शेवटची भेट केव्हा दिली, कोणाचा पहारेकरी नुकताच बदलला, तडीपार केलेला इसम परत येतो म्हणतात तो कोणाकडे उतरतो, ओहोटीच्या वेळी कोळीवाड्यातून वाळूवर यायच्या वाटा किती, कोणत्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे, असे प्रश्न विचारावेत. आणि विचारताना परीक्षकाचा आव आणू नये, कारण समोरचा हवालदार वयाने आणि नोकरीने आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असू शकतो आणि त्याच्याकडून पुष्कळ शिकता येते. ‘‘मामा, ह्या गल्लीत रात्रीचा त्रास कुठल्या अंगाने आहे?’’ असे आदराने विचारणाऱ्या तरुण उपनिरीक्षकाला जेवढे सांगितले जाते, तेवढे हजेरीच्या वेळी खडसावून विचारणाऱ्याला कधीच सांगितले जात नाही. वायरलेसकडे लक्ष असणे हाही याच ज्ञानाचा भाग आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत डी. बी. मार्ग ठाण्याचे कर्मचारी वायरलेसवरून मिळालेल्या वर्णनाच्या गाडीची वाट पाहत सावध उभे होते. गाडी आली, ओळखली गेली, अडविली गेली, आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना दहशतवादी अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली व स्वतःचे प्राण देऊन त्याला जिवंत पकडवून दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. तसे शौर्य कोणाच्याही वार्षिक अहवालात अपेक्षा म्हणून लिहिता येत नाही. परंतु त्या शौर्याच्या आधीची ती सावधता, मिळालेले वर्णन ध्यानात ठेवणे, नेमून दिलेली जागा न सोडणे, ही दररोज पाहता येते आणि दररोज मोजता येते.

निरीक्षण कधी करावे, याविषयी थोडे. वर्षातून एकदा गाजावाजा करून केलेली तपासणी म्हणजे परेड होते. दर महिन्याला एक-दोनदा, कधी कळवून आणि कधी न कळविता, रात्री दोन ते चार या वेळात बीटावर जावे. गाडीतून उतरून पायी चालावे. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिहून ठेवाव्यात. मनुष्याची स्मृती शेवटच्या घटनेला चिकटून राहते. मार्चमध्ये अहवाल लिहिणाऱ्याला फेब्रुवारीतील एक चूक स्मरते आणि आदल्या जूनमध्ये त्याच अंमलदाराने गुडघाभर पाण्यात उभे राहून रात्रभर वाहतूक वळविली होती हे विसरले जाते. त्याचप्रमाणे एखादा अंमलदार रुबाबदार दिसतो, कडक सलाम ठोकतो, म्हणून त्याचे सारेच गुण चांगले मानण्याकडे मन झुकते. चार ओळींचे टिपण हाच यावरील उपाय आहे, आणि वर्षभर त्याची शिस्त पाळणे हे अंमलदाराच्या परीक्षेआधी अधिकाऱ्याच्याच परीक्षेचे काम आहे.

नागरिकांचे मत घ्यावे काय? अवश्य घ्यावे, पण ते कोणाचे घेतो याकडे लक्ष ठेवावे. जुहूसारख्या ठिकाणी ज्यांना वरिष्ठ निरीक्षकांना थेट फोन करता येतो त्यांचे मत आपोआप पोहोचते; चौपाटीवरील फेरीवाला, रात्रीचा रिक्षावाला, कोळीवाड्यातील मासळी विकणारी बाई, बंगल्यांत काम करून रात्री नऊला बसथांब्यावर येणारी मोलकरीण यांचे मत कोणी विचारल्यावाचून येत नाही, आणि गस्तीचा खरा अनुभव त्यांनाच अधिक असतो. त्यांना ‘पोलीस चांगला आहे का?’ असे विचारले तर भीतीपोटी किंवा सौजन्यापोटी ‘हो साहेब’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी, गेल्या आठवड्यात तो इकडे कधी आला होता, काय बोलला, काही मागितले काय, असे ठोस प्रश्न विचारावेत आणि विचारताना तो अंमलदार सोबत नसावा. हप्त्याची तक्रार आली तर ती अभिप्रायात दडवू नये. तिची रीतसर चौकशी व्हावी. नागरिकांनीही हे ध्यानात घ्यावे, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गैरवर्तनाविषयी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु चांगल्या कामाविषयी दोन ओळींचे पत्र वरिष्ठ निरीक्षकांना लिहावे असे कोणाला सुचत नाही. असे पत्र सेवापटात लागले तर बक्षिसाइतकेच त्याचे महत्त्व असते.

तक्रारींची संख्या मोजतानाही विवेक पाहिजे. मद्यपी चालकांना नियमाने अडविणाऱ्याविरुद्ध तक्रारी येणारच. त्यांतील बऱ्याच तक्रारी त्याने कोणालाही सूट दिली नाही म्हणूनच असतात. म्हणून नाकाबंदीवर अर्धा तास बाजूला उभे राहून त्याची वागणूक पाहावी. गाडी थांबविण्याचा इशारा वेळेवर व स्पष्ट देतो काय, छातीवर नावाची पट्टी दिसते काय, आत एकटी स्त्री असेल तर विजेरीचा झोत तिच्या चेहऱ्यावर रोखून धरतो की कागदपत्रांवर, ‘‘मॅडम, गाडी जरा बाजूला घ्या, लायसन दाखवा’’ असे म्हणतो की काचेवर काठी आपटतो, महिला अंमलदाराला पुढे बोलावतो काय, चालकाने मोठ्या माणसाचे नाव घेतल्यावर त्याचा स्वर बदलतो काय. शेवटच्या या एका प्रश्नाचे उत्तर जुहूत जितके उपयोगी पडते तितके अन्यत्र क्वचितच पडेल.

आता न्यायाची दुसरी बाजू. ज्या बीटावरील अंमलदार निम्मे दिवस एखाद्या नामवंत नटाच्या बंगल्याबाहेर जमणाऱ्या गर्दीच्या, मंत्र्यांच्या दौऱ्याच्या किंवा गणेशविसर्जनाच्या बंदोबस्ताला पाठविले जातात, त्या बीटावर गस्त कमी झाली म्हणून त्यांना दोष देणे गैर आहे. अहवाल लिहिण्यापूर्वी ड्युटी रजिस्टर उघडावे आणि या अंमलदाराला गस्तीसाठी प्रत्यक्ष किती पाळ्या मिळाल्या, साप्ताहिक सुट्ट्या किती रद्द झाल्या, सलग किती रात्रपाळ्या लागल्या हे मोजावे. बारा-बारा तासांच्या ड्युटीने थकलेला माणूस पहाटे चार वाजता सावध राहत नाही, हे सांगण्यास संशोधनाची आवश्यकता नाही. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो रवींद्र पाटील या साध्या अंमलदाराने अभ्यास करून मांडलेल्या योजनेतून. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि तो प्रयोग करविला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण अंमलदाराच्या गुणांची यादी करताना ‘सूचना करण्याची क्षमता’ असा रकाना भरणारे अधिकारी पुष्कळ असतात, पण शिपायाने केलेली सूचना बैठकीत मांडून ती अमलात आणणारे थोडे असतात. आपल्या बीटावरील अंमलदाराने वर्षभरात कोणती सूचना केली आणि आपण तिचे काय केले, हे दोन्ही लिहावे.

शेवटी लेखणीकडे येऊ. ‘निश्चित चांगला’ हा शब्दप्रयोग आपल्या सरकारी दप्तरांत इतका झिजला आहे, की तो वाचून त्या माणसाविषयी काहीही कळत नाही. त्याऐवजी असा शेरा लिहावा: ‘रात्रपाळीत तीन वेळा अचानक भेट दिली असता तिन्ही वेळा नेमलेल्या जागी हजर व सावध आढळले. बीटावरील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी स्वतः अद्ययावत केली. त्यांपैकी दोन घरांना मी स्वतः भेट देऊन खात्री केली. लेखी अहवालात वेळ व जागा यांची नोंद अपुरी राहते. याबाबत ऑगस्टमध्ये समज दिली, त्यानंतर सुधारणा आहे. झडतीच्या वेळी ध्वनिचित्रमुद्रण करण्याच्या नव्या पद्धतीचे प्रशिक्षण आवश्यक.’ यात स्तुती आहे, उणीव आहे, पुरावा आहे, आणि पुढे काय करावयाचे तेही आहे. असा शेरा वाचणाऱ्या पुनर्विलोकन अधिकाऱ्याला सहमत किंवा असहमत होण्यासाठी काही आधार मिळतो.

प्रतिकूल शेरा लिहावा लागला तर तो अंमलदाराला आधी तोंडी सांगावा, एकांतात सांगावा, आणि सुधारण्यास अवधी देऊन मगच कागदावर आणावा. अभिप्राय गुप्त ठेवण्याचा जुना शिरस्ता आता कायद्याला मान्य नाही. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, तो संबंधित कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे असा निर्णय दिला. याचा लाभ अधिकाऱ्यालाही आहे, कारण जो शेरा समोरासमोर वाचून दाखविता येत नाही तो लिहिण्यास योग्य नव्हता हे लिहितानाच ध्यानात येते. अंमलदाराला समोर खुर्ची द्यावी, टिपणे उघडून एकेक प्रसंग तारखेनिशी सांगावा आणि प्रत्येकावर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. बहुधा दोन-तीन प्रसंगांत त्याच्याकडे आपल्याला ठाऊक नसलेली हकीकत निघते, आणि ती ग्राह्य वाटली तर शेरा तिथल्या तिथे दुरुस्त करावा. मतभेद राहिलाच तर त्याचे लेखी म्हणणे अहवालास जोडावे व निर्णय पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे सोपवावा.

आणि आपल्या स्वतःच्या बदलीचा हुकूम वर्षाच्या मध्यावर आला तर कार्यमुक्त होण्यापूर्वी प्रत्येक अंमलदाराविषयी तोवरच्या काळापुरता अभिप्राय लिहून, तारीखवार टिपणांसह तो रीतसर सुपूर्द करावा, म्हणजे नव्याने येणाऱ्या बीट अधिकाऱ्याला ज्यांना त्याने जेमतेम दोन महिने पाहिले त्यांच्या संपूर्ण वर्षाचा हिशेब अंदाजाने लिहावा लागणार नाही.